वाचक विचारतात: गेमही त्यांचा आणि दुकानही त्यांचंच?

गेल्या अंकात ऑनलाइन गेम विक्रीवर एक पान होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की पीसी गेम्सची बहुतेक मोठी स्टोअर्स गेम बनवणाऱ्या कंपन्यांच्याच मालकीची आहेत. बाकी पान राहिलं बाजूला, पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर. काही जाम चिडलेली, काही गोंधळलेली. त्यातले काही प्रश्न घेतलेत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: व्हॉल्व्ह स्वतः गेम बनवते आणि पीसीवरचं सगळ्यात मोठं स्टोअर, स्टीम, तेही तिचंच. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकचं तेच, त्यांचंही स्टोअर आहे. उद्या माझा गेम आणि त्यांचा गेम एकाच दिवशी आला तर पहिल्या पानावर कोण दिसणार? परीक्षेला बसणाऱ्यानेच पेपर तपासायचे असा प्रकार आहे हा. गेम कंपन्यांना स्टोअर काढायला सरळ कायद्यानेच बंदी का नको?
(गेम डिझाइन शिकणारा एक विद्यार्थी)

उत्तर: शंका रास्त आहे. उपाय मात्र पटत नाही, आणि का ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये आलं तेव्हा ते दुकान म्हणून आलंच नव्हतं. व्हॉल्व्हचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या काउंटर-स्ट्राइक या गेमचा नवीन पॅच, म्हणजे दुरुस्ती, निघाला की तो सगळ्यांकडे पोचेपर्यंत कित्येक दिवस जायचे आणि तोवर बरेचसे लोक ऑनलाइन खेळूच शकायचे नाहीत. अपडेट आपोआप पोचवायची काहीतरी सोय हवी म्हणून त्यांनी मोठमोठ्या कंपन्यांना विचारून बघितलं, कोणी तयार होईना, मग स्वतःच बनवायला घेतलं. त्यात पब्लिशरशी, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीशी, कोर्टकज्जा चालू होता, सायबर कॅफेत गेम देण्याचे हक्क कोणाचे यावरून, २००२ ला सुरू झालेला तो २००५ ला मिटला. म्हणजे डबा, डिस्क, दुकानातला कप्पा यातलं काहीच गेम बनवणाऱ्याच्या हातात नसतं हे त्यांना पुरतं कळलेलं होतं. नोव्हेंबर २००४ ला हाफ-लाइफ २ आला, तो डिस्कवर विकत घेतला तरी स्टीमशिवाय चालायचा नाही. लोकांनी शिव्या घातल्या, सर्व्हर कोलमडले, पण त्या एका गेमच्या जोरावर स्टीम घरोघरी पोचलं. दुसऱ्यांचे गेम तिथे विकायला आले ते २००५ मध्ये. आता सांगा, तेव्हा तुमची बंदी असती तर हे दुकान काढलं असतं कोणी? डब्यावर ज्यांचं उत्तम चाललं होतं त्या पब्लिशर्सनी आणि रिटेल चेन्सनी? त्यांना कशाला घाई असणार होती.

बरं, हा झाला इतिहास, तुम्ही विचारताय आजचं. आज स्टीमवर वर्षाला १८ हजारांच्या वर नवीन गेम येतात आणि व्हॉल्व्हचे स्वतःचे किती, तर कित्येक वर्षी एकही नाही. दुसऱ्याच्या प्रत्येक विक्रीतून ते साधारण ३० टक्के घेतात, म्हणजे त्यांचं पोट तुमच्या गेमवर भरतं, स्वतःचा गेम दामटून पुढे करण्यात त्यांचा फारसा फायदा नाही. आणि केला तरी चालेलच असंही नाही, २०१८ ला त्यांचा आर्टिफॅक्ट नावाचा पत्त्यांचा गेम आला होता, दुकान त्यांचं, पहिलं पान त्यांचं, तरी काही महिन्यांत तिकडे चिटपाखरू उरलं नाही आणि २०२१ ला त्यावरचं काम बंद झालं. कप्पा आपला असला म्हणून माल खपतो असं नाही.

मग भीती खोटी का, तर तसंही नाही. फक्त ती तुम्ही म्हणता त्या पहिल्या पानावर नाही, दुसरीकडे आहे.

एक म्हणजे माहिती. दुकानदाराला दिसतं कोणाचा गेम किती जणांनी विशलिस्टला, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकला, कुठे अडकून सोडून दिला, किती किमतीला उचलला. तो स्वतःही गेम बनवत असेल तर ही माहिती म्हणजे सोनं आहे. आणि यासाठी दुकानच असावं लागतं असंही नाही. पबजी हा गेम एपिकच्या अनरियल इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, बनलेला, त्याचे बनवणारे एपिकचे गिऱ्हाईक, आणि २०१७ च्या सप्टेंबरात एपिकने फोर्टनाइटमध्ये तसाच शंभर जणांचा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंत लढायचा, मोड काढला. पबजीवाल्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, कोरियात केससुद्धा टाकली, नंतर २०१८ मध्ये ती मागे घेतली. तेव्हा एपिक गेम्स स्टोअर अस्तित्वातच नव्हतं! म्हणजे स्टोअरच्या मालकीवर बंदी घालून हे काही थांबलं नसतं.

दुसरं म्हणजे बाहेर पडायला जागा नसणं. १९८० च्या दशकात निन्टेन्डोचं बघा, कन्सोल त्यांचं, गेम त्यांचे, आणि दुसऱ्या कोणाला गेम काढायचा तर लायसन्स त्यांचं, कार्ट्रिजपण त्यांच्याकडूनच बनवून घ्यायची, वर अमेरिकेत एका पब्लिशरला वर्षाला पाचच गेम. मशीनमध्ये लॉकआउट चिप बसवलेली, त्यामुळे लायसन्सशिवाय गेम चालायचाच नाही. कोनामीने तर पाचाच्या वर गेम काढता यावेत म्हणून अल्ट्रा गेम्स नावाने दुसरी कंपनी उघडली. याला म्हणतात मालकीचा गैरफायदा. पीसीवर एवढं कोणाला शक्य नाही, कारण पीसीवर कोणीही कुठूनही गेम उतरवून चालवू शकतो.

बंदीचं उदाहरणच हवं असेल तर ते सिनेमात सापडेल. १९४८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पॅरामाउंट केसचा निकाल लागला आणि मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटर्स विकावी लागली. पण थिएटर ही जागेला बांधलेली गोष्ट होती, गावात चांगलं थिएटर एक आणि ते स्टुडिओचं असलं की बाहेरच्याला पडदाच मिळायचा नाही, वर एक हिट सिनेमा हवा तर सोबत चार टुकार घ्या अशी सक्ती. पुढे परिस्थिती बदलली आणि २०२० मध्ये कोर्टाने तो जुना बंदोबस्त उठवला.

मला विचाराल तर मालकीला हात न लावता वागणुकीला लगाम घालावा. ते होतंही. स्टीमवर पूर्वी पैसे परत मिळायची नीट सोयच नव्हती, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ ला केस टाकली, जून २०१५ पासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर रिफंड सुरू झाला, आणि २०१६ च्या शेवटी कोर्टाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा दंडही ठोकला. युरोपात २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनकडून लिहून घेतलं की दुसऱ्या विक्रेत्यांची आतली माहिती स्वतःचा माल विकायला वापरणार नाही. हेच कलम गेम स्टोअर्सना लावा ना, आणि सोबत एवढंच की गेम वरखाली दाखवायचे निकष उघड ठेवा आणि स्वतःच्या गेमलाही तेच लावा. तुमची अर्धी चिंता तिथेच मिटेल. उरलेली अर्धी, खरं सांगायचं तर, १८ हजार गेम्सच्या गर्दीची आहे आणि ती दुकान कोणाचंही असलं तरी राहणारच.

प्रश्न: मला एकच सांगा, प्रत्येक कंपनीचं वेगळं लाँचर (गेम सुरू करायचं अ‍ॅप), वेगळा अकाउंट, वेगळा पासवर्ड, हे कशासाठी? गेम सुरू करायला तीन खिडक्या बंद कराव्या लागतात.
(ऑफिसमधून आल्यावर तासभर खेळणारी वाचक)

उत्तर: ३० टक्के वाचवण्यासाठी, दुसरं काय!

२०११ ला ईएने ओरिजिन काढलं आणि मोठे गेम स्टीमवरून दूर ठेवले, युबीसॉफ्टचं युप्ले होतंच, बेथेस्डाने फॉलआउट ७६ फक्त स्वतःच्या लाँचरवर आणला, अ‍ॅक्टिव्हिजनने कॉल ऑफ ड्यूटी बॅटल.नेटवर नेला. सगळ्यांचा हिशोब एकच, गेम आपला, गिऱ्हाईक आपलं, मग मधल्याला पैसे का द्या. पुढे काय झालं? ईए २०१९ च्या शेवटी स्टीमवर परतली, फॉलआउट ७६ एप्रिल २०२० ला आला, बेथेस्डाचं लाँचर २०२२ ला बंदच झालं, त्याच वर्षी कॉल ऑफ ड्यूटी परत आला आणि डिसेंबरात युबीसॉफ्टचा अ‍ॅसॅसिन्स क्रीड वल्हालाही. रुसून गेलेले एकेक करत मागच्या दाराने घरी. गंमत म्हणजे परत आले तरी लाँचर सोबत घेऊनच आले, म्हणून तुमच्या तीन खिडक्या. स्टीमवर घ्यायचं, आणि मग आतून कंपनीचं अ‍ॅप उघडणार. यात खेळणाऱ्याचा काय फायदा हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

पण यातून एक दिसतं, की गेम चांगला बनवता येतो म्हणून दुकान चालवता येतं असं अजिबात नाही. दुकान म्हणजे सर्च, रिव्ह्यू, रिफंड, मित्रांची लिस्ट, क्लाउड सेव्ह, मॉड्स (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल), तक्रारी ऐकणारी माणसं, चोरीच्या कार्डांचा त्रास, आणि हे सगळं वर्षानुवर्षं. त्या कंपन्यांनी नुसता गल्ला मांडला होता.

प्रश्न: एपिक १२ टक्के घेतं, स्टीम ३० टक्के. तरी सगळे एपिकलाच नावं का ठेवतात? डेव्हलपरच्या बाजूने तर तेच उभे आहेत ना?
(दोन वाचकांची पत्रं, जवळपास सारखीच)

उत्तर: बरोबर आहे तुमचं, टक्क्यात एपिक उजवंच आहे. डिसेंबर २०१८ ला ते आलं तेच १२ टक्क्यांवर, त्यात अनरियल इंजिन वापरलं असेल तर त्या विक्रीवरची ५ टक्के रॉयल्टी माफ, आणि जून २०२५ पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलर्सवर कमिशन शून्य. याच्या धाकाने बाकीचे हलले हेही खरं, मायक्रोसॉफ्टने २०२१ ला पीसी गेम्ससाठी १२ टक्के केलं. व्हॉल्व्हने तर एपिक उघडायच्या आठवडाभर आधीच आपले नियम बदलले, पण कसे बघा: विक्री एक कोटी डॉलर्सच्या वर गेली की पुढच्या पैशांवर २५ टक्के, पाच कोटींच्या वर २० टक्के. म्हणजे सूट कोणाला, तर ज्याला गरज नाही त्याला. छोट्याला ३० चे ३०. यावर छोटे डेव्हलपर भडकले ते योग्यच होतं, आणि व्हॉल्व्हवर टीका करायची तर मी इथे करीन, ती गेम बनवते म्हणून नाही.

आता एपिकला नावं का ठेवतात, तर एक्सक्लुझिव्ह, म्हणजे गेम एकाच दुकानात अडकवून ठेवणं. मेट्रो एक्सोडसचं स्टीमवर अ‍ॅडव्हान्स बुकिंग चालू होतं, आणि रिलीजला तीन आठवडेही उरले नसताना जानेवारी २०१९ मध्ये तो तिथून उचलून वर्षभर फक्त एपिकवर ठेवला. खेळणाऱ्याच्या डोक्यात तिडीक जाणारच. आणि हा पैसा येतो कुठून, तर फोर्टनाइटमधून, पुढे एपिकने टाकलेल्या अ‍ॅपलच्या केसमध्ये कागदपत्रं बाहेर आली त्यात स्टोअर शेकडो मिलियन डॉलर्स तोट्यात असल्याचं दिसलं. इथे तुमच्या मूळ विषयाशी गाठ पडते बघा, स्वतःचा एक तुफान चालणारा गेम असल्याशिवाय असं दुकान उघडताच आलं नसतं, आणि तोच गेम उद्या बसला तर दुकानाचं काय हाही प्रश्न.

अ‍ॅलन वेक २ चं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. एपिकने त्याला पैसा दिला, पब्लिश केला आणि ऑक्टोबर २०२३ ला पीसीवर फक्त स्वतःच्या स्टोअरवर आणला. गेमचं कौतुक झालं, खपही २० लाखांच्या पुढे गेला, तरी खर्च वसूल होऊन बनवणाऱ्या रेमेडीला रॉयल्टी सुरू व्हायला २०२४ ची शेवटची तिमाही उजाडली. स्टीमवर असता तर लवकर झालं असतं असं पुष्कळ जण म्हणतात. पण एपिकने पैसे दिलेच नसते तर गेम झाला असता का, हेही विचारा की.

प्रश्न: आम्ही तिघं मिळून एक छोटा गेम बनवतोय, आणखी वर्षभर लागेल. कमाईतला एवढा मोठा वाटा दुकानाला देण्यापेक्षा स्वतःच्या साइटवर विकावा का? माइनक्राफ्ट तसाच विकला गेला ना?
(एक छोटी टीम)

उत्तर: माइनक्राफ्ट तसाच विकला गेला, २००९ पासून, पूर्ण बनायच्या आधीच, आणि २०१४ ला मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलर्सना घेतली. फॅक्टोरिओपण स्टीमवर २०१६ ला यायच्या आधी काही वर्षं स्वतःच्या साइटवर विकला जायचा. जमतं. पण तुमचा गेम माइनक्राफ्ट आहे असं धरून हिशोब मांडू नका राव.

उलट बाजूचं उदाहरण ड्वार्फ फोर्ट्रेस. दोन भावांनी मिळून बनवलेला, २००६ पासून त्यांच्या साइटवर फुकट, लोक प्रेमाने वर्गणी द्यायचे त्यावर घर चालायचं. डिसेंबर २०२२ ला चित्रांसकट त्याची विकत घ्यायची आवृत्ती स्टीमवर आली आणि पुढच्याच महिन्याच्या हिशोबात ७० लाख डॉलर्सच्या वर जमा झाले. गेमला नाव होतं, चाहते होते, सोळा वर्षांची पुण्याई होती, कमी होता तो फक्त जिथे लोक पाकीट घेऊन फिरतात तो रस्ता. ३० टक्के तुम्ही त्या रस्त्याचे देता. जास्त आहेत का, माझ्या मते हो. पण स्वतःच्या साइटवर १०० टक्के मिळणार ते कशाचे, हाही विचार करा. वर देशोदेशीचा टॅक्स भरा, कार्डाचे पैसे उलटले तर भांडा, डाउनलोड होत नाही म्हणून रात्री दोनला मेल आला तर उत्तर द्या. तिघात एक माणूस याच्यातच जाईल.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. इच.आयओ या छोट्या गेम्सच्या स्टोअरवर आत्ताच पान उघडायचं, तिथे कमिशन किती द्यायचं ते तुम्हीच ठरवता, नुसतं तसंच ठेवलं तर १० टक्के आणि शून्य केलं तरी चालतं. तिथे डेमो टाका, लोक काय म्हणतात बघा. स्टीमचं पानही लवकर उघडा, फी १०० डॉलर्स आहे, गेमने १००० डॉलर्स कमावले की ती परत मिळते, आणि गेम येईपर्यंत विशलिस्ट जमवत बसा, कारण रिलीजच्या दिवशी तीच कामाला येते. स्टीम की, म्हणजे गेम स्टीमवर चालू करायचे कोड, फुकट बनवून मिळतात, त्या स्वतःच्या साइटवर विकल्या तर व्हॉल्व्ह त्यावर काही घेत नाही, अट एवढीच की स्टीमवरच्या गिऱ्हाइकाला वाईट सौदा मिळता कामा नये. ही किमतीची अट कुठवर ताणायची यावरूनच मोठा वाद आहे बरं का. वुल्फायर नावाच्या गेम स्टुडिओने २०२१ ला व्हॉल्व्हवर केस टाकलीय, त्यांचा आरोप असा की स्टीम कीचा काही संबंध नसला तरी दुसरीकडे स्वस्त विकू दिलं जात नाही, व्हॉल्व्हला हे मान्य नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्याला सगळ्या डेव्हलपर्सच्या वतीने सामूहिक दाव्याचा दर्जा दिला. हा आरोप खरा ठरला तर माझं वरचं 'पीसीवर बाहेर पडायला जागा आहे' हे म्हणणं बरंच लंगडं पडतं, ते मान्य. दार उघडं असून उपयोग काय, बाहेरही स्वस्त विकता येत नसेल तर.

आणि एक गोष्ट आजपासूनच, खेळणाऱ्यांची मेल लिस्ट स्वतःची ठेवा. स्टीम तुम्हाला गिऱ्हाइकाचा पत्ता देत नाही. दुकान तुमचं नसलं तरी चालेल, माणसं तुमची हवीत, दुसऱ्या गेमच्या वेळी कळेल का ते.

प्रश्न: मोठ्या कंपन्या सोडा. सगळ्या छोट्या डेव्हलपर्सनी मिळून सहकारी तत्त्वावर एक स्टोअर का काढू नये? मालक सगळेच, नफा सगळ्यांचा.
(एक निवृत्त शिक्षक, स्वतःही खेळतात)

उत्तर: सर, कल्पना मला मनापासून आवडते आणि चालेल असं मनापासून वाटत नाही.

कलावंतांनी वितरण स्वतःच्या हातात घ्यायचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झालाय. १९१९ ला चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ या चौघांनी युनायटेड आर्टिस्ट्स काढली. अडचण कसली आली, तर सिनेमेच पुरेनात! चौघे मन लावून सिनेमा करणारे, एकेकाला वर्ष दोन वर्षं लागायची, आणि वितरण कंपनीला तर सतत माल लागतो, मग बाहेरचे निर्माते आणावे लागले आणि १९५० च्या दशकात उरलेल्या मूळ मालकांनी हिस्से विकून टाकले. गेम्समध्ये उलटी अडचण येईल. मालाला तोटा नाही, पण पहिल्या पानावर जागा दहाच्या आसपास आणि सभासद हजार, मग ती जागा कोणाला? मतदानाने ठरवायची? ज्याचे मित्र जास्त तो वर. मालक हजार झाले म्हणून स्वतःचा गेम पुढे करायची ओढ संपत नाही, हजार पटीने वाढते.

तरी जवळपास जाणारे प्रयत्न झालेत. वर ज्यांचं नाव आलं त्या वुल्फायरच्याच लोकांनी २०१० ला हम्बल बंडल सुरू केलं, छोट्या स्टुडिओंचे गेम एकत्र बांधून, पैसे तुम्हाला वाटतील तेवढे द्या, काही भाग दानाला. सुंदर चाललं. २०१७ ला ते आयजीएनला विकलं गेलं. स्टारडॉक हा गेम स्टुडिओ, त्यांनी २००८ ला इम्पल्स नावाचं स्टोअर काढलं, २०११ ला गेमस्टॉपला विकलं, पुढे काही वर्षांत ते मिटलं. डेसुरा छोट्यांचं आवडतं होतं, हात बदलत बदलत २०१५ ला मालक कंपनीचं दिवाळं वाजलं आणि कित्येक डेव्हलपर्सचे पैसे अडकले. आणि अगदी ताजं, द विचरवाल्या सीडी प्रोजेक्टने २००८ ला गॉग काढलं होतं, कॉपी प्रोटेक्शन नसलेले गेम विकणारं, डेव्हलपरच्या मालकीचं असूनही कोणाचीच तक्रार नाही असं दुर्मिळ दुकान, तेही २०२५ च्या शेवटी त्यांनी कंपनीच्याच एका संस्थापकाला विकलं, कारण त्यांना गेम बनवण्यावर लक्ष द्यायचंय. जो तो असाच, शेवटी म्हणतो दुकान नको, गेम बनवू दे.

सहकारी स्टुडिओ मात्र चालतात. फ्रान्समधला मोशन ट्विन बघा, तिथे काम करणारेच मालक, आणि डेड सेल्स त्यांनीच बनवला. दहा-वीस माणसांत सहकार जमतो, कारण एकमेकांचं तोंड रोज बघायचं असतं.

आणखी एक, दुकान तुमचं झालं तरी गल्ला दुसऱ्याच्याच हातात राहतो. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांचा दबाव आला तेव्हा स्टीमने काही प्रौढांसाठीचे गेम काढून टाकले आणि इच.आयओने तर त्या प्रकारचं सगळंच सर्चमधून गायब केलं, ज्यांचं काहीच आक्षेपार्ह नव्हतं असेही त्यात भरडले गेले. स्टीमएवढ्या मोठ्याला जे टाळता आलं नाही ते तुमच्या हजार सभासदांच्या संस्थेला जमेल?

प्रश्न: मोबाइलवर तर अ‍ॅपल आणि गूगल गेम कंपन्याच नाहीत. म्हणजे तिथे सगळं न्यायाने चालत असेल?
(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर: तुमचा टोमणा पोचला. नाही चालत. मालक गेमवाला नसणं म्हणजे मालक निःपक्षपाती असणं नव्हे, याला याहून चांगला पुरावा नाही.

ऑगस्ट २०२० ला एपिकने फोर्टनाइटमध्ये थेट पैसे भरायची सोय घातली, त्याच दिवशी अ‍ॅपलने गेम काढून टाकला. २०२१ च्या निकालात बहुतेक मुद्द्यांवर अ‍ॅपल जिंकली, फक्त बाहेर स्वस्त मिळतंय हे डेव्हलपरला सांगू द्या असा आदेश झाला, तो नीट पाळला नाही म्हणून एप्रिल २०२५ ला कोर्टाने अ‍ॅपलला अवमानासाठी झापलं, आणि मे महिन्यात फोर्टनाइट अमेरिकेतल्या आयफोनवर परतला. जवळजवळ पाच वर्षं! एवढी वर्षं थांबायची ताकद फक्त एपिकसारख्याकडे. गूगलच्या केसमध्ये तर डिसेंबर २०२३ ला ज्यूरीने सगळ्या मुद्द्यांवर एपिकच्या बाजूने निकाल दिला. युरोपात नवीन कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी स्टोअर्स चालू शकतात, आणि त्यातलं एक कोणी काढलं, तर एका गेम कंपनीनेच, एपिकने.

पहिल्या प्रश्नातल्या विद्यार्थ्याची बंदी जगभर लागू असती तर हेही झालं नसतं.

प्रश्न: तुम्ही स्वतः गेम कुठून घेता ते सांगा, म्हणजे कळेल.
(पोस्टकार्ड, सही वाचता आली नाही)

उत्तर: एकट्याने खेळायचा गेम गॉगवर मिळत असेल तर तिथून, कारण इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, दुकान राहो न राहो. बाकी ठिकाणी आपण गेम नाही, लायसन्स घेतो, कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून ते स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. मित्रांबरोबर खेळायचा असेल तर स्टीम, कारण सगळे तिथेच. छोट्यांचे विचित्र प्रयोग इच.आयओवर. आणि एपिक फुकट देतं ते दर आठवड्याला न चुकता लायब्ररीत टाकतो, खेळत एकही नाही.